छोट्या वर्कशॉपसाठी जुनं व्हीएमसी घेताना काय तपासावं आणि ते हलवताना काय सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: दोन साध्या मिलिंग आणि एका लेथवर काम चालतं. आता एक १५ वर्षं जुनं व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे उभ्या स्पिंडलचं, कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) बघून आलात. एक्स ट्रॅव्हल (टेबलाची आडवी सरक) ८०० मिमी, टूल होल्डर बसतो तो टेपर बीटी ४०, कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) फॅनुक ०आय. विकणारा ‘रनिंग कंडिशन’ म्हणतो. तुमच्या शेडचं दार २.७ मीटर उंच आहे, आणि घ्यावं की नाही हे ठरत नाहीये.

वयाची धास्ती घेऊ नका. जुन्या मशीनकडे मी एकाच नजरेने बघतो: काय बदलून मिळतं आणि काय मिळत नाही. कटर फिरवणाऱ्या स्पिंडलची बेअरिंग बदलतात, अक्ष सरकवणारा बॉल स्क्रू नवा बसतो, मोटरना वीज पुरवणारी ड्राइव्ह दुरुस्त होऊन येते. पण आपटून हललेलं कास्टिंग, खोल ओरखडे पडलेले बेडचे वे (ज्यांवरून टेबल सरकतं त्या पट्ट्या), किंवा मशीन बनवणाऱ्याने लिहिलेला आणि आता कुणाकडेच नसलेला लॅडर (टूल चेंजर, पंप, स्विच यांना चालवणारा प्रोग्राम), यांवर छोट्या वर्कशॉपला परवडेल असा इलाज नाही. पहिल्या प्रकारचे दोष भाव पाडायच्या कामाचे. दुसऱ्या प्रकारातला एक जरी दिसला, तरी मशीन कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत मशीन सुरू करू नका. रात्रभर थंड राहिलेलं मशीन पहिल्या अर्ध्या तासात जे सांगतं, ते गरम करून ठेवलेलं मशीन सांगत नाही. हायड्रॉलिक किंवा हवेचं प्रेशर चढायला लागणारा वेळ, ल्यूब पंपाचा अलार्म, स्पिंडलचा पहिला आवाज, हे सगळं तेव्हाच कळतं. नव्या रंगाने भुलू नका. टेलिस्कोपिक कव्हर मागे सरकवून आत बघा. वे वर तेलाचा पातळ थर असेल तर निम्मी काळजी मिटली. तिथे कोरडं असेल, किंवा कूलंट आणि बारीक चिप्सचा लगदा साचला असेल, तर ल्यूबच्या नळ्या बंद पडून बरेच दिवस झाले आहेत. टेबलावर कटरचे खड्डे असतात, त्यांचं मला फारसं काही वाटत नाही. टी-स्लॉटच्या कडेला तडा मात्र चालत नाही.

आता बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटवताना ढिलाईमुळे वाया जाणारी हालचाल. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावला, हँडव्हीलने एका बाजूने आणून शून्य केला, उलट फिरवला आणि फरक ५ मायक्रॉन आला, की घेणारा खूश होतो. पण तो आकडा स्क्रूचा नसतो, कंट्रोलरने सावरून घेतल्यानंतर उरलेला असतो. फॅनुकमध्ये पॅरामीटर १८५१ उघडा. प्रत्येक अक्षापुढे बॅकलॅश भरपाईचा आकडा असतो, आणि बहुतेक मशीनवर तो मायक्रॉनमध्येच असतो. १८५२ मध्ये रॅपिडसाठीचा (कापत नसताना वेगाने सरकण्यासाठीचा) वेगळा आकडा असतो. तिथे ५ ते १५ असेल तर ठीक. ८० दिसलं, तर डायलवरच्या ५ मायक्रॉनला काही अर्थ नाही.

एवढ्यावरही थांबू नका. १८५१ मध्ये प्रत्येक अक्षाला एकच आकडा असतो, पण स्क्रू सगळीकडे सारखा झिजत नाही. वाइस टेबलाच्या मधोमध असतो, जॉब तिथेच होतात, म्हणून झीजही मधल्या २००-३०० मिमीत जास्त होते. मध्यासाठी भरपाई बसवली की टोकांना ती जास्त होते. म्हणून हीच डायलची चाचणी तीन ठिकाणी करा: मध्यावर आणि दोन्ही टोकांजवळ. तिन्हीकडे सारखा फरक येत असेल, तर तो थोडा मोठा असला तरी भरपाईत बसतो. मध्यावर ५ आणि टोकाला उलट दिशेने ३० येत असेल, तर स्क्रू बदलण्याचा खर्च धरूनच भाव ठरवा.

बॅकलॅश जास्त निघाला म्हणजे दोष स्क्रूचाच असं नाही. कधी स्क्रूला जागेवर धरणारं टोकाचं थ्रस्ट बेअरिंग ढिलं असतं, कधी मोटरचं कपलिंग. हे ओळखायची जुनी युक्ती अशी: स्क्रूच्या टोकाच्या सेंटर होलमध्ये ग्रीस लावून एक स्टीलची गोळी चिकटवायची, डायलची सपाट टीप गोळीवर टेकवायची आणि अक्ष पुढे-मागे करायचा. काटा हलला तर स्क्रू स्वतःच पुढे-मागे सरकतोय, म्हणजे दोष बेअरिंगचा. काटा स्थिर आणि टेबल उशिरा हलतंय, तर संशय नटवर. बेअरिंग आणि बॉल नट यांच्या खर्चात बरंच अंतर आहे, आणि विकणाऱ्याला बहुधा ते माहीत नसतं.

स्पिंडलची परीक्षा कानाने आणि हाताने होते. कमी वेगापासून टप्प्याटप्प्याने कमाल आरपीएमपर्यंत न्या आणि तिथे २०-३० मिनिटं चालू ठेवा. मग बंद करून तो थांबेपर्यंत ऐका. मोटरचा आवाज गेल्यावर उरलेली घरघर बेअरिंगचीच असते. नंतर बाहेरून स्पिंडलच्या नाकाला हात लावा. हात टेकवून ठेवता येत नसेल तर ते नेहमीचं तापणं नाही. टेपरच्या आत डायल लावून हाताने फिरवा. ५ मायक्रॉनच्या आसपास रनआउट (फिरताना काट्याचं डगमगणं) चांगला, १५ च्या वर गेला की प्रश्न विचारायला लागा. आणि विकणाऱ्याचे टूल होल्डर उचलून बघा. टेपरवर तपकिरी गंजासारखे डाग असतील, तर होल्डर स्पिंडलमध्ये घट्ट बसत नव्हते, म्हणजे होल्डर वर ओढून धरणाऱ्या ड्रॉबारच्या डिस्क स्प्रिंग थकल्या आहेत. होल्डर सोबत मिळणार असतील तर पुल स्टडही (होल्डरच्या शेंड्याचा, ड्रॉबारचा ग्रिपर पकडतो तो बोल्ट) बघून घ्या. बीटी ४० चे स्टड ४५, ६० आणि ९० अंशांचे मिळतात आणि दुरून सारखेच दिसतात. ग्रिपरला न जुळणारा स्टड नीट धरला जात नाही आणि टूल चालू स्पिंडलमधून सुटू शकतं.

तास किती झाले हे विचारण्यापेक्षा पॅरामीटर ६७५० बघा, त्यात एकूण पॉवर-ऑन वेळ मिनिटांत असतो. तो बदलता येतो, त्यामुळे पुरावा म्हणून नको, विकणाऱ्याचं बोलणं त्याच्याशी जुळतं का एवढंच बघायला. माझा जास्त भरवसा अलार्म हिस्टरीवर आणि इलेक्ट्रिकल पॅनलच्या आतल्या वासावर असतो. पॅनलमध्ये तेलाचा थर असेल आणि ड्राइव्हचे पंखे अडकत फिरत असतील, तर बोर्डांची दुरुस्ती लांब नाही.

शेवटी एक जॉब कापायला लावा. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर १०० मिमीचं वर्तुळ एंड मिलने फिनिश करा. चार ठिकाणी, जिथे अक्ष दिशा बदलतो, तिथे नख फिरवा. पायरी लागली तर वर डायलने जे दिसलं तेच इथे धातूत उमटलंय. त्याच ठोकळ्यात रिजिड टॅपिंगची (स्पिंडल आणि झेड जुळवून आटे पाडायची) दोन-चार भोकं मारा आणि टूल चेंजर सगळ्या पॉकेटमधून न थांबता फिरवा. विकणारा यातल्या कशालाही नाही म्हणत असेल, तर त्याचं कारण तोच सांगेल किंवा मशीन सांगेल.

कंट्रोलबद्दल थोडक्यात. तुमचं काम भोकं, पॉकेट आणि प्लेटांचं असेल तर जुन्या ०आयला काही हरकत नाही. साचे करायचे असतील तर मेमरी विचारा. जुन्या फॅनुकमध्ये ती टेपच्या मीटरमध्ये मोजतात: ३२० मीटर म्हणजे जेमतेम १२८ केबी. कॅमचा (कॉम्प्युटरवर प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) थ्री-डी प्रोग्राम त्यात मावत नाही, तो कार्डवरून किंवा आरएस-२३२ केबलने तुकड्यातुकड्याने पाठवावा लागतो.

सौदा ठरला की पैसे पूर्ण देण्याआधी बॅकअप घ्या. ट्रक बोलावण्याच्याही आधी. पॅरामीटर, लॅडर, पिच एरर भरपाई (स्क्रूच्या लांबीभर होणाऱ्या चुकांची दुरुस्ती), ऑफसेट (टूल आणि जॉबची मापं), सगळं. या फॅनुकमध्ये चालू करताना स्क्रीनखालच्या उजव्या कडेच्या दोन सॉफ्ट की दाबून धरल्या की बूट मेनू येतो आणि तिथून पूर्ण एसरॅम (बॅटरीवर टिकणारी मेमरी) कार्डवर उतरतो. त्याच मेनूत पुसून टाकायचे पर्यायही आहेत, म्हणून माहीतगार माणसाशिवाय तिथे जाऊ नका. शिवाय पॅरामीटरच्या पानांचे फोटो काढा. ही मेमरी बॅटरीवर जिवंत असते. नवी बॅटरी मशीन चालू असतानाच घाला, बंद करून घातली तर सगळं पुसलं जाऊ शकतं. इलेक्ट्रिकल ड्रॉइंग आणि एम-कोडची (कूलंट, टूल चेंज वगैरेंच्या आज्ञांची) यादी ताब्यात घ्या.

मशीन जपानी असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: जागा बदलल्याचं ओळखणारं उपकरण यात आहे का? काही जपानी कंपन्यांच्या मशीनमध्ये ते असतं, विशेषतः पाच अक्षांच्या. मशीन उचलून दुसरीकडे नेलं की ते लॉक होतं आणि कंपनीकडून कोड घेतल्याशिवाय सुरू होत नाही. निर्यातीवरच्या निर्बंधांमुळे हे आलं. १९८७ मध्ये तोशिबा मशीन कंपनीने पाणबुड्यांचे प्रोपेलर कापणारी मोठी मिलिंग मशिनं सोव्हिएत संघाला विकल्याचं उघड झालं, आणि जपानने नियम कडक केले. तुम्हाला पाणबुडी करायची नसली तरी लॉक तुमचंही होतं. उपकरण असेल तर कोडची व्यवस्था विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

आता हलवणं. या आकाराचं व्हीएमसी साधारण ४.५ ते ६ टनांचं असतं, नेमका आकडा नेमप्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळेल. त्याच मॅन्युअलमध्ये वाहतुकीची उंचीही दिलेली असते. तुमचं दार २.७ मीटर आहे, म्हणून आधी हीच ओळ बघा. उंची थोडीच जास्त भरत असेल तर झेडची मोटर काढून ती कमी करता येते. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हेडचा भार तोलणारा काउंटरवेट नसलेल्या मशीनमध्ये झेडला (वर-खाली सरकणाऱ्या अक्षाला) धरून ठेवणारा ब्रेक त्या मोटरमध्येच असतो. हेड खाली आणून टेबलावर लाकडी ठोकळ्यावर नीट टेकवल्याशिवाय मोटरचा एकही बोल्ट सैल करायचा नाही. काउंटरवेट असेल तर तोही आधी लॉक करावा लागतो. मोटर काढली, किंवा फीडबॅक केबल सोडली, की झेडचा झीरो जातो आणि त्याच्याबरोबर टूल चेंजची उंचीही. म्हणून आधी तिन्ही अक्ष झीरोवर नेऊन स्थिर आणि हलत्या भागांवर एका रेषेत मार्करने खुणा करा. नंतर झीरो पुन्हा बसवून टूल चेंज हाताने, एकेक पायरी करून तपासा.

मशीन रिकामं करा: मॅगझिनमधली सगळी टूल काढा, कूलंटची टाकी आणि चिप कन्व्हेयर वेगळे करा, दारं बांधा. टेबल आणि हेडला वाहतुकीचे ब्रॅकेट लावा. ते विकणाऱ्याकडे कुठेतरी पडलेले असतात, बहुधा भडक रंगाचे. शोधायला लावा.

फोर्कलिफ्टच्या बाबतीत लोक हमखास चुकतात. त्यावर ५ टन लिहिलेलं असतं म्हणून ५ टनांचं मशीन उचलायला जातात. ती क्षमता वजनाचा मध्य फोर्कच्या टाचेपासून ठराविक अंतरावर, बहुधा ५०० किंवा ६०० मिमीवर आहे असं धरून दिलेली असते. व्हीएमसी खोल असतं, वजनाचा मध्य कॉलमकडे आणि बराच वर असतो. अंतर वाढलं की क्षमता उतरते. माझा आग्रह असा: मशीनच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचं फोर्कलिफ्ट, नाहीतर क्रेन. फोर्क कास्टिंगखाली जायला हवेत, पत्र्याखाली नाही. क्रेन असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागांमधूनच स्लिंग, आणि पत्र्याला दाब लागू नये म्हणून मध्ये स्प्रेडर (स्लिंग फाकवून ठेवणारा दांडा). आधी ५ सेंमी उचलून थांबा, झुकतंय का बघा, मगच पुढे. उचललेल्या मशीनखाली किंवा ते ज्या बाजूला झुकेल तिथे कुणी उभं राहायचं नाही, अगदी हात लावून सावरण्यासाठीही नाही. शेडच्या आत शेवटच्या टप्प्यात रोलर किंवा स्केट (जड वजन सरकवायच्या चाकांच्या बुटक्या गाड्या) आणि पहार, तेही सपाट फरशीवर. दारातली छोटी उतरंड आधी प्लेट टाकून भरून घ्या.

जागेचं काम मशीन येण्याआधी संपवा. सलग काँक्रीट हवं, दोन स्लॅबच्या सांध्यावर मशीन ठेवू नका. नवं ओतलं असेल तर २८ दिवस जाऊ द्या. बऱ्याच आयात मशीनना २०० ते २२० व्होल्ट थ्री फेज लागतो, त्यांना ट्रान्सफॉर्मर हवा. अर्थिंग स्वतंत्र. पहिल्यांदा वीज दिल्यावर कूलंट किंवा हायड्रॉलिक पंपाची दिशा लगेच बघा. फेज उलटे लागले असतील तर सर्वो (अक्ष चालवणाऱ्या मोटर) तक्रार करत नाहीत, पंप मात्र उलटा फिरून खराब होतो.

अक्ष हलवण्याआधी ल्यूब पंप हाताने चालवून वे वर तेल पोचू द्या, मग हँडव्हीलने हळू फिरवा. लेव्हल ०.०२ मिमी प्रति मीटरच्या स्पिरिट लेव्हलने काढा, टेबल मध्यावर ठेवून, दोन्ही दिशांनी. त्यानंतर स्पिंडलला डायल अडकवून टेबलावर ३०० मिमीचं वर्तुळ फिरवा. विकत घेण्याआधी हाच आकडा घेतला असेल तर प्रवासात काही हललं का ते इथे लगेच कळतं. मग पुन्हा तेच १०० मिमीचं वर्तुळ कापा. काही आठवड्यांनी मशीनखालचे पॅड बसतात, तेव्हा लेव्हल परत काढावी लागेल. तोवर बारीक टॉलरन्सचे जॉब घेऊ नका.