काच काळी, ज्योत मंद: पेलेट स्टोव्ह इन्सर्टबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेच्या थंड राज्यांत जुनं घर घेतलं की फायरप्लेसमध्ये आधीच्या मालकाने बसवलेला पेलेट इन्सर्ट (फायरप्लेसच्या पोकळीत बसणारा, लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या म्हणजे पेलेट जाळणारा स्टोव्ह) बऱ्याचदा घरासोबतच येतो. माहितीपुस्तिका मात्र क्वचितच हाती लागते. थंडी सुरू झाल्यापासून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. प्रत्येक मॉडेलची रचना थोडी वेगळी असते. स्टोव्हच्या आत किंवा मागे लावलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर पाहून कंपनीची पुस्तिका आधी उतरवून घ्या आणि पुढची उत्तरं तिच्या जोडीने वाचा.

प्रश्न : काच पुसली की दोन दिवसांत पुन्हा काळी होते. ज्योतही लांब, नारिंगी आणि आळसावलेली दिसते. रोज काय साफ करायचं आणि आठवड्याने काय? (नाशुआ, न्यू हॅम्पशायर)

उत्तर : दोन्ही लक्षणं हवा कमी पडत असल्याची आहेत. चांगली ज्योत आखूड, चपळ आणि फिकट पिवळी असते. टोकाला काळा धूर सोडणारी उंच ज्योत दिसली, की आत येणारी किंवा बाहेर जाणारी हवा कुठेतरी अडते आहे असं समजा. पेलेट स्टोव्हमध्ये हवेचा रस्ता एकच असतो: बाहेरून येणारी नळी, बर्न पॉटची (ज्यात पेलेट जळतात त्या भांड्याची) भोकं, आगीची पेटी, बॅफलमागचे (पेटीतल्या धूर वळवणाऱ्या पाटीमागचे) राखेचे कप्पे, धूर बाहेर ढकलणारा एक्झॉस्ट पंखा आणि चिमणीतला लायनर (धूर वर नेणारी धातूची नळी). हवा ओढून घेण्याचं काम शेवटाकडचा एक्झॉस्ट पंखा करतो. त्यामुळे रस्त्यात कुठेही राख साठली तरी परिणाम ज्योतीवरच दिसतो.

रोज किंवा दर पिशवीमागे एकदा, स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर बर्न पॉट खरवडा. तळाची आणि बाजूची भोकं मोकळी करायला त्या मापाची ॲलन की किंवा ड्रिल बिट हाताने फिरवा. इग्नायटरसमोरचं (पेलेट पेटवणाऱ्या कांडीसमोरचं) भोक विसरू नका. ते बुजलं तर पेलेट पेटायला वेळ लागतो आणि तोवर पॉट काठोकाठ भरतो. पॉट सुटा निघणारा असेल तर परत ठेवताना तो बैठकीवर सपाट बसला आहे ना हे बोटाने चाचपून पाहा. खाली राखेचा एक खडा राहिला तरी हवा भोकांतून यायच्या ऐवजी फटीतून निसटते. हीट एक्स्चेंजरच्या (आगीची उष्णता खोलीच्या हवेला देणाऱ्या) नळ्या खरवडणारा दांडा असेल तर तो पाच-सहा वेळा मागेपुढे ओढा.

आठवड्याने राखेचा ट्रे रिकामा करा, पेटीच्या भिंती ब्रशने झाडा आणि काच पुसा. काच सिरॅमिकची असते. ती थंड असतानाच ओल्या कागदी टॉवेलला थोडी बारीक राख लावून घासली तर काजळी निघते. अमोनिया असलेला काचेचा फवारा, घासणी, ब्लेड यांपैकी काही वापरू नका. काचेवर एकदा ओरखडा गेला की तिथूनच तडा जातो.

इतकं करूनही काच काळी होत राहिली, तर दाराचं गॅस्केट (फट बंद करणारी दोरी) तपासा. दार लावताना एक डॉलरची नोट फटीत धरा आणि ओढून पाहा. सगळ्या बाजूंनी ती घट्ट अडकायला हवी. जिथे सहज निघते तिथून हवा आत शिरते आणि बर्न पॉटला कमी पडते. नवीन दोरी फायबरग्लासची आणि पुस्तिकेत दिलेल्या जाडीचीच घ्या. जुना गोंद खरवडून काढा आणि उच्च तापमानाचा गॅस्केट सिमेंट लावा. दोरी खाचेत ठेवताना ताणू नका, ताणली की ती बारीक होते. मग दार लावून पुस्तिकेत सांगितलेला वेळ सुकू द्या.

प्रश्न : स्टोव्ह पेटतो, पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्याने कंट्रोल बोर्ड बदलायला सांगितलं आहे. बदलू का? (लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : एवढ्यात नको. बोर्ड महाग असतो आणि या लक्षणामागे बहुतेक वेळा राखच निघते. अनेक मॉडेलमध्ये एक्झॉस्ट पंख्याच्या आवरणावर एक छोटा तापमान-स्विच असतो. आग पेटली आहे याची खात्री तो बोर्डाला देतो. पेटवताना बोर्ड त्याची ठरावीक वेळ वाट पाहतो. तेवढ्यात स्विच तापला नाही तर आग लागलीच नाही असं धरून बोर्ड ऑगर (पेलेट आगीकडे सरकवणारा स्क्रू) थांबवतो. स्विचवर राखेचा थर असेल, तो सैल झाला असेल किंवा ज्योतच कमजोर असेल, तर समोर आग दिसत असूनही स्टोव्ह बंद पडतो. तुमच्याकडे लागणारी पंधरा-वीस मिनिटं याच्याशी जुळतात.

दुसरा संशय व्हॅक्यूम स्विचवर घ्या. आतला हवेचा दाब पुरेसा कमी असेल तरच तो ऑगरच्या मोटरला वीज जाऊ देतो. त्याला जोडलेली सिलिकॉनची बारीक नळी तडकते, किंवा ती जिथे स्टोव्हला जोडते ते तोंड राखेने बुजतं. प्लग काढून नळी स्विचपासून सोडवा आणि तोंडातून पेपरक्लिप फिरवा. नळी स्विचला जोडलेली असताना तिच्यात फुंकर मारू नका, आतला पातळ पडदा फाटतो. हॉपरच्या (पेलेट भरायच्या टाकीच्या) झाकणाचं आणि दाराचं गॅस्केट इथेही पाहा.

काही जण स्विचच्या दोन तारा जोडून तो कायमचा टाळतात. हे कधीही करू नका. चिमणी बुजलेली असताना आगीत पेलेट पडत राहू नयेत, यासाठीच तो तिथे आहे. आधी पूर्ण सफाई करून घ्या, मग मल्टिमीटरने दोन्ही स्विच तपासून घ्या. ते ठीक निघाले तर बोर्डाचा विचार करा.

प्रश्न : वार्षिक सफाईसाठी इन्सर्ट बाहेर ओढावाच लागतो का? पानं उडवायच्या यंत्राने धुराड्याच्या टोकातून राख ओढून घेता येते असं ऐकलं. (वुस्टर, मॅसॅच्युसेट्स)

उत्तर : ती युक्ती ज्यांची नळी भिंतीतून थेट अंगणात निघते त्यांच्या कामाची. इन्सर्टचा लायनर चिमणीतून छपरावर जातो, तिथे यंत्र घेऊन चढणं धोक्याचं. शिवाय लायनरमधून खाली पडणारी राख इन्सर्टच्या मागे, वळणाच्या तुकड्यात साठते आणि समोरून तिथे हात पोचत नाही. म्हणून वर्षातून एकदा, किंवा साधारण दोन टन पेलेट जळल्यावर, इन्सर्ट ओढावाच लागतो.

आदल्या रात्रीपासून स्टोव्ह बंद ठेवा आणि प्लग काढा. हॉपर रिकामा करा, त्याने वजनही कमी होतं. भोवतीची सजावटीची चौकट काढा. रुळांवरचं मॉडेल असेल तर कड्या सोडवून पुढे ओढता येतं, पण पुढच्या भागाखाली आधार ठेवल्याशिवाय ओढू नका, इन्सर्ट पुढे कलंडतो. काही मॉडेल दोनशे पौंडांच्या पुढची असतात, तेव्हा दोन माणसं हवीतच. रूळ नसतील आणि लायनर स्क्रूने जोडलेला असेल तर काम जाणकारावर सोपवा.

आत बॅफल आणि विटांच्या नक्षीची पाटी काढा. पाटी ओतीव लोखंडाची असेल तर काळजी नाही. सिरॅमिक फायबरची असेल तर बिस्किटासारखी तुटते, तिच्यावर ब्रशसुद्धा हलक्या हाताने फिरवा. पाटी काढल्यावर मागच्या लोखंडी भिंतीवर रबरी हातोड्याने हलके ठोके द्या. कप्प्यांत अडकलेली राख धबाधबा खाली येते आणि दरवर्षी पाहिली तरी तिचं प्रमाण आश्चर्याचंच वाटतं. राखेचे कप्पे बहुधा डाव्या-उजव्या बाजूला झाकणामागे असतात. ते शोधले नाहीत तर बाकी सगळी मेहनत अर्धी राहते.

मग एक्झॉस्ट पंखा काढा. त्याआधी त्याचं नवीन गॅस्केट हाताशी असू द्या, कारण जुनं निघताना बहुधा फाटतं आणि गॅस्केटविना बसवलेला पंखा धूर घरात सोडतो. पंख्याच्या पात्यांवर कडक थर असतो, तो प्लॅस्टिकच्या खरवडणीने आणि ब्रशने काढा. पातं वाकलं की पंखा थरथरतो आणि बेअरिंग लवकर जातं. पातं वाकवू नका आणि त्यावर तोल साधायला लावलेली क्लिप असेल तर तिला हात लावू नका. मोटरवर पाणी नको.

लायनर ३ किंवा ४ इंची असतो. चिमणी साधारण १५ फुटांपेक्षा उंच असेल तर ४ इंची घालतात. त्याच मापाचा नायलॉनचा गोल ब्रश आणि वाकणारे दांडे वापरा. खालून ब्रश चढवताना लायनरच्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी टेपने बांधा आणि तिला छोटं भोक पाडून दांडा आत घाला, नाहीतर दिवाणखाना काळा होईल. टोकावरची टोपी आणि तिच्यातली जाळी जमिनीवरून दुर्बिणीने पाहा. राख किंवा घरटं दिसलं तर चिमणी साफ करणाऱ्याला बोलवा.

खोलीत गरम हवा फेकणारा दुसरा पंखा वेगळा असतो. त्याच्यात राख नसते, धूळ आणि मांजराचे केस असतात. तो गुदमरला की स्टोव्ह जास्त तापतो आणि हाय-लिमिट स्विच सगळं बंद करतो. ब्रश आणि व्हॅक्यूमने तो साफ करा. बंद बेअरिंगला तेल लागत नाही. तेलासाठी भोक असेल तरच, पुस्तिकेत सांगितलेलं तेल दोन-तीन थेंब घाला.

प्रश्न : घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर चालेल का? (मिनियापोलिस, मिनेसोटा)

उत्तर : नाही. पेलेटची राख इतकी बारीक असते की साध्या फिल्टरमधून ती पुन्हा खोलीत येते. राखेत लपलेला निखारा काही तासांनीही जिवंत असू शकतो आणि व्हॅक्यूमच्या हवेने तो फुलतो. राखेसाठी बनवलेला, धातूच्या डब्याचा ॲश व्हॅक घ्या आणि तोही थंड राखेवरच वापरा. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत काढा. ती बादली बाहेर, दगडावर किंवा काँक्रीटवर, घरापासून आणि लाकडी डेकपासून दूर काही दिवस ठेवा. गॅरेजमध्ये किंवा कागदी पिशवीत राख कधीही ठेवू नका.

प्रश्न : बर्न पॉटमध्ये काचेसारखे कडक खडे तयार होतात. पेलेट बदलावे का? (सिरॅक्यूज, न्यू यॉर्क)

उत्तर : हो, एका पिशवीपुरते बदलून पाहा. लाकडासोबत साल, माती किंवा वाळू आली की त्यातली खनिजं आगीत वितळतात आणि त्याचे खडे होतात. प्रीमियम दर्जाच्या पेलेटमध्ये राख १ टक्क्याच्या आत असते. ४० पौंडांच्या पिशवीमागे ०.४ पौंड, तर ५० पिशव्यांच्या एका टनामागे फार तर २० पौंड राख. तुमच्या बादलीत याहून बरीच जास्त जमत असेल तर दोष पेलेटचा. डग्लस फरसारख्या मऊ लाकडाचे पेलेट सहसा कमी राख सोडतात. मऊ लाकूड चिमणी खराब करतं ही जुनी समजूत इथे लागू नाही, कारण पेलेट कोरडे असतात आणि पूर्ण जळतात. टनभर घेण्याआधी दोन-तीन प्रकारच्या एकेक पिशव्या जाळून राखेची तुलना करा.

पिशवीच्या तळाचा भुसा हॉपरमध्ये ओतू नका. तो ऑगरभोवती दाबून बसतो आणि एक दिवस मोटर नुसती गुरगुरते, पेलेट मात्र पडत नाहीत. दर टनामागे हॉपर रिकामा होऊ द्या आणि तळ व्हॅक्यूम करा. भिजलेला पेलेट फुगून भुसा होतो, म्हणून तळघरात पिशव्या जमिनीवर न ठेवता लाकडी पॅलेटवर ठेवा. आणखी एक: पेटायचं राहून बर्न पॉटमध्ये साठलेले पेलेट परत हॉपरमध्ये टाकू नका. त्यात एखादा धुमसणारा असला तर आग हॉपरमध्ये लागते.

प्रश्न : ही राख मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात घालता येईल का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : शुद्ध लाकडाच्या पेलेटची असेल तर थोडी घालता येते. तिच्यात पोटॅश आणि चुना असतो. पण ती मातीचा आंबटपणा कमी करते, म्हणून आधी मातीचा पीएच तपासा. ब्लूबेरी, अझेलिया यांच्यापासून ती दूर ठेवा. बटाट्याच्या वाफ्यातही नको, खवल्या रोग वाढतो.

प्रश्न : पुण्याहून आई-बाबा हिवाळ्यात राहायला येत आहेत. त्यांची खोली इन्सर्टच्या शेजारी आहे. वीज गेली की थोडा धूर घरात येतो. हे सुरक्षित आहे का? (मँचेस्टर, न्यू हॅम्पशायर)

उत्तर : धूर येतो तिथे कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो आणि त्याला वास नसतो. आई-बाबा येण्याआधी त्यांच्या खोलीजवळ आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि बटण दाबून त्यांना तो आवाज ऐकवून ठेवा. अलार्म वाजला तर स्वेटर शोधत न बसता बाहेर पडायचं आणि ९११ ला फोन करायचा, हे त्यांना मराठीत लिहून फ्रिजवर लावा.

वीज गेली की एक्झॉस्ट पंखा थांबतो आणि पॉटमध्ये उरलेले पेलेट धुमसतात. लायनर स्वच्छ आणि चिमणीच्या टोकापर्यंत नीट गेलेला असेल तर नैसर्गिक ओढीने बराचसा धूर वर जातो. घरात धूर येतो आहे त्या अर्थी लायनरचे सांधे, एक्झॉस्ट पंख्याचं गॅस्केट आणि दाराची दोरी या हिवाळ्यात वापर सुरू करण्याआधी तपासलीच पाहिजेत. एनएफपीए (अमेरिकेतली अग्निसुरक्षा संस्था) हिच्या २११ या मानकानुसार चिमणीची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. एनएफआय किंवा सीएसआयए या स्टोव्ह-चिमणीच्या कामाची परीक्षा घेणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र असलेला माणूस बोलवा आणि लायनर कुठपर्यंत गेला आहे हे त्याला विचाराच. काही जुन्या घरांत तो चिमणीत काही फुटांवरच संपतो.

सोबत शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखीच लहर देणारा) बॅटरी बॅकअप जोडून घ्या. चालू स्टोव्ह साधारण १०० ते २०० वॉट घेतो, इग्नायटर तापताना ४०० च्या पुढे जातो. आग शांतपणे विझेपर्यंत पंखा फिरत राहावा एवढाच त्याचा उद्देश. तुमच्या मॉडेलला कोणता बॅकअप चालतो आणि वीज गेल्यावर बोर्ड काय करतो, हे पुस्तिकेत दिलेलं असतं. तपासणी होईपर्यंत इन्सर्ट पेटवू नका, त्या खोलीत घराच्या मुख्य हीटिंगवरच भागवा.