हॅरी राइट खेळाडू म्हणून मोठा की मॅनेजर म्हणून?

प्रश्न चांगला विचारलाय. हॅरी म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळातला माणूस, आणि माझं उत्तर डोळे झाकून मॅनेजर. म्हणजे खेळायचा बरा, सेंटर फील्डला (मैदानाच्या मागच्या बाजूला मधोमध) उभा राहायचा, मध्येच बॉलिंगला येऊन इतका स्लो टाकायचा की फास्टची सवय झालेले बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळे. पण निव्वळ खेळाडू म्हणून त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज कितीतरी सरस, यात वादच नाही.

हॅरीचं वेगळेपण कळायला आधी त्याचं क्रिकेट बघायला लागतं. जन्म १८३५ चा, इंग्लंडातल्या शेफील्डचा, लहानपणीच घरचे अमेरिकेला गेले. वडील सॅम्युएल न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे पगारी प्रो, म्हणजे मैदान राखायचं, मेंबरांना शिकवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. हॅरी पण तेच काम करायला लागला. १८५९ ला जॉर्ज पारची इंग्लंड टीम होबोकेनला आली तेव्हा तिच्याविरुद्ध तो खेळलाय. होबोकेनच्याच एलिशियन फील्ड्स मैदानावर पलीकडे बेसबॉल चालायचा, तिथेच त्याला नाद लागला. तेव्हा बेसबॉल म्हणजे हौशी लोकांचा क्लब, पैसे घेणं कमीपणाचं, दिलेच तर गुपचूप. खेळाचे पगार घेण्यात लाजण्यासारखं काही नाही हे या माणसाला घरातूनच माहीत होतं, माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

१८६५ ला सिनसिनाटीला गेला तोसुद्धा क्रिकेटचा प्रो म्हणूनच, बेसबॉल नंतर. आणि १८६९ ला तिथल्या रेड स्टॉकिंग्ज या बेसबॉल क्लबची अख्खी टीम उघडपणे पगारी केली. जॉर्जला सीझनचे १४०० डॉलर, स्वतःला १२००, म्हणजे मॅनेजरपेक्षा शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा, म्हणजे जॉर्ज) जास्त! गुडघ्यापर्यंतची पँट आणि खाली लाल मोजे, लोक आधी हसले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वे लाइन जोडली गेली होती, हे सप्टेंबरात थेट सॅन फ्रान्सिस्कोला खेळून आले. वर्षभरात ५७ जिंकल्या, हार एकही नाही.

आता त्याच्या स्वभावाची मॅच सांगतो. १४ जून १८७०, ब्रुकलिन, समोर अटलांटिक्स. नऊ इनिंगनंतर (बेसबॉलची नेहमीची मॅच एवढीच) ५-५. अटलांटिक्स ड्रॉवर खूश, पब्लिक मैदानात घुसलेलं, हॅरी मात्र अडून बसला की नियमात एक्स्ट्रा इनिंग आहे, खेळायचं. रूल्स कमिटीचा हेन्री चॅडविक तिथेच होता, त्यानेही तेच सांगितलं. अकराव्या इनिंगला यांनी २ काढले, त्यांनी ३, गेली मॅच ८-७ ने. गप्प ड्रॉ घेतला असता तर न हरल्याचा रेकॉर्ड टिकला असता, पण नाही. पुढे गर्दी रोडावली, खर्च झेपेना, १८७० च्या शेवटी क्लबने पगारी टीमच बंद केली.

मग बॉस्टन. जॉर्जला आणि अजून काहींना घेऊन गेला, रेड स्टॉकिंग्ज हे नावही घेऊन गेला, आणि १८७२ ते १८७५ तेव्हाच्या पगारी लीगची सलग चार टायटल, शेवटच्या वर्षी तर ७१ जिंकल्या आणि ८ हरल्या, स्पर्धेत मजाच उरली नाही. पुढे नंतर आलेल्या नॅशनल लीगची १८७७ आणि ७८ अशी दोन. तेव्हाच्या मॅनेजरला मॅचेस ठरवणं, रेल्वे, हॉटेल, गेटच्या पैशातला वाटा, प्लेअरला दारूपासून लांब ठेवणं असं सगळं एकट्याने बघायला लागायचं, आणि पत्रं लिहून लिहून प्रत्येक सेंटचा हिशोब ठेवणारा हा माणूस. १८७४ ला मधेच दोन टीम घेऊन इंग्लंडला गेला, तिथे बेसबॉल दाखवला आणि वर क्रिकेटही खेळले, त्यात एकही मॅच हरले नाहीत (अर्थात हे १८ जण आणि समोर अकरा-बारा, त्यामुळे फार कौतुक नको).

प्रॉव्हिडन्सला दोन वर्षं काढून १८८४ ला फिलाडेल्फियाला गेला तो १८९३ पर्यंत, पण तिथे टायटल काही मिळालं नाही. १८९० ला तर काही महिने दृष्टीच गेली होती, तरी परत येऊन टीम सांभाळली. नंतर लीगने अंपायर्सचा प्रमुख केलं, १८९५ ला वारला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांचा सन्मान होतो तिथे) जॉर्ज १९३७ ला आणि हॅरी १९५३ ला, आता हा क्रम तुम्हाला पटतो का बघा, मला नाही पटत.