'ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय' म्हणजे काय?

प्रश्न: कमला हॅरिस यांच्यावरच्या एका मराठी लेखात 'हॉवर्ड हे ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय विद्यापीठ आहे' असं वाक्य वाचलं. हे मराठी बरोबर आहे का? अमेरिकेत अशा संस्थांना 'एचबीसीयू' (हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज) म्हणतात, त्याला सुटसुटीत मराठी शब्द आहे का?

उत्तर: लेखकाने निदान 'हॉवर्ड' लिहिलं, याबद्दल त्याचे आभार. मध्यंतरी एका लग्नात शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांनी मला 'हॉवर्ड नाही हो, हार्वर्ड' असं भर पंगतीत दुरुस्त केलं होतं. वॉशिंग्टनचं हॉवर्ड वेगळं, १८६७ चं. हॅरिस १९८६ साली तिथूनच पदवीधर झाल्या.

आता 'ऐतिहासिकदृष्ट्या'. इंग्रजी क्रियाविशेषण दिसलं की त्याला 'दृष्ट्या' चिकटवायचं आणि जेवायला जायचं, अशी आपल्याकडे भाषांतराची रीत झाली आहे. 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' चालतं, कारण तो माणूस बाकी दृष्टींनी धट्टाकट्टा असू शकतो. पण ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय म्हणजे? भूगोलदृष्ट्या गोरं? बरं, 'दृष्ट्या' खोडून नुसतं 'ऐतिहासिक' ठेवावं, तर विद्यापीठ थेट पन्हाळ्याशेजारी जाऊन बसतं. शिवाय हल्ली नगरपालिकेने गटार मंजूर केलं तरी निर्णय ऐतिहासिक असतो.

खरी गंमत 'इतिहास' या शब्दाच्या पोटात आहे. इति-ह-आस: 'असं खरोखर होतं'. त्यातला 'आस' हा 'अस्' धातूचा लिट्, म्हणजे परोक्ष भूतकाळ. पाणिनीचं सूत्रच आहे, 'परोक्षे लिट्'. बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेली, होऊन गेलेली गोष्ट सांगायची तर हे रूप. काही पंडित 'इतिह' हा आख्खा शब्द धरून 'इतिह + आस' अशी फोड करतात. 'इतिह' म्हणजे परंपरेने कानावर आलेलं. त्यावरून 'ऐतिह्य', आणि त्याचं शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'या वडावर यक्ष राहतो'. कोणी पाहिला? ठाऊक नाही, पण म्हातारे सांगतात! ही फोड मला मुळीच मान्य नाही. तिच्यातला 'ह' म्हणजे 'खरोखर' हा ठोसा नाहीसा होतो आणि इतिहासाचा यक्ष होतो.

यक्ष आणि वीट यांत फरक असतो. अलाबामातलं टस्कीगी हेही असंच एक एचबीसीयू, १८८१ चं. तिथल्या इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनी स्वतः पाडल्या, आणि सुरुवातीच्या तीन भट्ट्या ओळीने बिघडल्या. तेव्हा प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी माँटगोमरीला जाऊन आपलं घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र सोडवायच्या आत बुडालं. इति. ह. आस.

तरीसुद्धा 'ऐतिहासिक' इथे नापास, आणि तेही याच 'आस'मुळे. 'आस' म्हटलं की गोष्ट संपली. अमेरिकेचा १९६५ चा उच्चशिक्षण कायदा एचबीसीयूची व्याख्या करतो ती अशी: १९६४ पूर्वी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांचं शिक्षण हे जिचं मुख्य कार्य 'होतं आणि आहे' अशी संस्था. होतं आणि आहे! आस आणि अस्ति! कायद्याचा मसुदा करणाऱ्याला संस्कृत येत असण्याचं कारण नाही, पण त्याने दोन्ही काळ एका दमात पकडले. आमच्या भाषांतरकाराने त्यातला एक सांडला.

'कृष्णवर्णीय विद्यार्थी जास्त, ते कृष्णवर्णीय विद्यापीठ' अशी फोड मी एका शिकवणाऱ्याच्या तोंडून ऐकली आहे. साफ चूक. ब्रुकलिनच्या मेडगर एव्हर्स कॉलेजात कृष्णवर्णीयच बहुसंख्य, पण ते १९७० चं, म्हणून एचबीसीयू नाही. उलट वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसापट्ट्यातलं ब्लूफील्ड स्टेट १८९५ चं. आज तिथे गोरे विद्यार्थी जास्त आहेत, तरी ते एचबीसीयूच. शाळांमधला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली बेकायदा ठरवला आणि पुढे आसपासची गोरी मुलं तिथे येऊ लागली. तो ब्राऊन खटला लढवणारे थरगुड मार्शल कुठे कायदा शिकले? हॉवर्डमध्ये, १९३३ ची तुकडी. एका एचबीसीयूच्या विद्यार्थ्याने कोर्टात दार उघडलं आणि त्यातून दुसऱ्या एचबीसीयूत गोरे आले. 'आता यांची गरज काय' असं विचारणाऱ्यांनी लुइझियानाच्या झेव्हियर या एचबीसीयूकडेही बघावं. तिथून जितके कृष्णवर्णीय पदवीधर पुढे डॉक्टर होतात, तितके भल्या श्रीमंत विद्यापीठांतून होत नाहीत.

असो, प्रश्न मराठीचा होता. शब्द आपल्या घरातच आहे: 'मूळचं'. 'आम्ही मूळचे राजापूरचे' असं डोंबिवलीत तीन पिढ्या काढलेला माणूस सांगतो, तेव्हा राजापूर संपलेलं नसतं आणि डोंबिवली खोटी ठरत नाही. आस आणि अस्ति दोन्ही त्यात मावतात. तेव्हा 'मूळचं कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ' लिहा. आणि ते 'कृष्णवर्णीयांचं' असू द्या, 'कृष्णवर्णीय' नको. विद्यापीठाला कातडी नसते, टस्कीगीच्या विटा तर लाल आहेत.