जुन्या जिप्सीला सुपरचार्जर बसवायचा आहे. रूट्स, ट्विन-स्क्रू की सेंट्रिफ्यूगल?

तुमचा प्रश्न असा: 2004 ची जिप्सी, परभणीजवळ शेत, पावसाळ्यात पांदण रस्त्याने ये-जा, महिन्यातून एकदा मित्रांबरोबर डोंगरात नाहीतर नदीच्या पात्रात. गाडी चिखलात दम तोडते, म्हणून सुपरचार्जर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा ब्लोअर) बसवायचा, तर तिन्हींतला कोणता?

सेंट्रिफ्यूगल नको. बसवायचाच असेल तर लहान ट्विन-स्क्रू, दाब 5 पीएसआयच्या (टायरमधली हवा मोजतात तेच माप) आसपास आणि सोबत इंटरकूलर, म्हणजे तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर. पण तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, तुमची अडचण वेगळी आहे. त्यावर खाली येतोच.

माझीही जिप्सीच आहे, लातूरकडची. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्याने बाहेरून आणलेला जुना सेंट्रिफ्यूगल ब्लोअर स्वस्तात दिला आणि एका गॅरेजवाल्याने तो बसवून दिला. हायवेवर गाडी अशी पळायला लागली की दोन दिवस मी उगंच औशाला चकरा मारल्या. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला, शेताच्या रस्त्याला रुतलो आणि तिथं गाडी पहिल्यासारखीच मठ्ठ. ॲक्सिलरेटर आणखी दाबला तर ताकद एकदम आली, चाकं जागेवर फिरली आणि गाडी बुडापर्यंत खाली गेली. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढली.

कारण साधं आहे. विहिरीवर डिझेल इंजिनचा पंप चालवला असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे: रेस कमी केली की पंप फिरतो, पण पाणी पाइपात वर चढत नाही. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर हा तसाच पंखा. दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे फेऱ्या निम्म्या झाल्या की दाब पाव होतो. 6000 आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) 8 पीएसआय देणारा ब्लोअर 3000 ला 2 देणार आणि 1500 ला अर्धा. चिखलात आणि दगडांत आपण गाडी चालवतो ती 1500 ते 2500 मध्ये. जिप्सीचं 1298 सीसीचं इंजिन मुळातच वर फिरणारं, 80 बीएचपी 6000 ला आणि 103 एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर) 4500 ला. जिथं ते आधीच बरं आहे तिथंच हा ब्लोअर मदत करतो.

रूट्स आणि ट्विन-स्क्रू दोन्ही दर फेरीला ठराविक हवा ढकलतात, त्यामुळे खालच्या फेऱ्यांनाही दाब मिळतो. रूट्सची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये भट्ट्या आणि खाणींना हवा पुरवण्यासाठी त्याचं पेटंट घेतलं, मोटारगाड्या नंतर आल्या. आतले दोन रोटर बघून गुऱ्हाळातला चरक आठवतो, पण काम नेमकं उलटं. चरकात ऊस दोन लाटांच्या मधून जातो, इथं हवा बाहेरच्या कडेने, रोटर आणि कवच यांच्या पोकळीतून पुढे जाते. ब्लोअरच्या आत ती दाबली जातच नाही, नुसती पुढे लोटली जाते आणि मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) कोंबली गेल्यावर दाब तयार होतो. ट्विन-स्क्रूमध्ये दोन मळसूत्रं एकमेकांत फिरतात आणि हवा पुढे सरकता सरकता आतच आवळली जाते, करडईचं तेल काढणाऱ्या एक्सपेलरसारखी. त्यामुळे त्याच दाबाला ट्विन-स्क्रू हवा कमी तापवतो.

आणि आपल्याकडे सगळा खेळ तापण्याचाच. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना हवा दीडपट दाबली, म्हणजे साधारण 7 पीएसआय, तर जुन्या पद्धतीच्या रूट्समधून ती शंभरी ओलांडून बाहेर पडते. चांगल्या ट्विन-स्क्रूमधून नव्वदीच्या घरात. ही हवा तशीच इंजिनात गेली की पेट्रोल वेळेआधी पेटतं, टकटक ऐकू येते आणि एक दिवस पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. माझी तुटली, बालाघाटच्या एका चढावर, दुपारी दोन वाजता. सेंट्रिफ्यूगलही हवा तापवतोच, आणि माझ्या किटमध्ये इंटरकूलर नव्हता, ना कुणी ईसीयूला (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला) हात लावला होता. म्हणून किटची किंमत विचारताना इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, पेट्रोलचा पंप आणि ईसीयूचं ट्यूनिंग धरूनच विचारा. कंपनीचा ईसीयू दाबलेल्या हवेचा विचार करून बनवलेलाच नाही. स्पार्क प्लगही एक पायरी थंड लावावे लागतात.

पेट्रोलचं म्हणाल तर आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालंच मिळतं. एका अर्थी ते ब्लोअरच्या फायद्याचं, कारण इथेनॉल बाष्प होताना हवा थंड करतं आणि टकटक उशिरा येते. पण एक किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त 9. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. शिवाय 2004 च्या गाडीतले रबरी पाइप आणि सील या इंधनासाठी केलेले नाहीत, ते आधी बदला. आपल्याच उसाने आपलेच पाइप खाल्ले, असं व्हायला नको.

धूळ आणि चिखल यांचं वेगळं दुखणं. रोटरमधली फट केसाएवढी असते, एअर फिल्टरच्या डब्यातून धूळ गळत असेल तर ब्लोअर कायमचा खरवडला जातो. पट्टा उघडा असतो. आपली काळी माती ओली असताना पुलीत बसली की पट्टा घसरतो, वाळली की पट्टा कापते. खाली पत्र्याचं संरक्षण लावून घ्याच. ब्लोअरमध्ये बायपास व्हॉल्व्ह (जोर नको असताना दाबलेली हवा मागे वळवणारी झडप) आहे ना, तेही बघा, नाहीतर रिकामी गाडी चालवतानाही उगीच पेट्रोल जाईल.

आता तुमच्या खऱ्या अडचणीबद्दल. टायर मोठे बसवलेत का? 205/70 आर 15 च्या जागी 235/75 आर 15 घातले असतील तर टायरचा व्यास जवळपास 10 टक्के वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच जड झाला. ही ताकद तुम्ही स्वतःच्या हाताने घालवली, ती ब्लोअरने परत विकत घेण्याऐवजी ट्रान्सफर केस (फोर-व्हीलचा गिअरबॉक्स) किंवा डिफरेन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरचं) गिअरिंग खाली आणा. चिखलात त्याचा फायदा पहिल्याच दिवशी दिसतो आणि इंजिन तापत नाही. लेह-लडाखला जाऊन आलेले लोक सुपरचार्जरची लई तारीफ करतात ते बरोबरच, तिथं हवेचा दाब आपल्या परभणीच्या दोन-तृतीयांशच असतो. आपण इथं समुद्रापासून चार-पाचशे मीटरवर, हवेची एवढी टंचाई नाही.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीत मनमानी बदल चालत नाहीत आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगता ब्लोअर बसवला आणि अपघात झाला, तर दाव्याचं भांडण तुमच्या अंगावर. शेतात कुणी विचारत नाही, पण शेतापर्यंत जायला रस्ता लागतोच.

तुमच्या मित्राच्या नव्या थारला ब्लोअर चालेल का, असंही विचारलंत. तिला आधीच टर्बो (इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरणारा ब्लोअर) आहे, पेट्रोल असो की डिझेल. त्यांना म्हणावं, चिखलात टायरमधली हवा कमी करायला शिका.

तरी बसवायचाच ठरलं, तर मेस्त्रीकडे जाण्याआधी चारही सिलेंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलेंडर हवा किती दाबतो ते मोजणं) करून घ्या. एकही सिलेंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर आधी इंजिनचं काम, ब्लोअर नंतर. गाडीला टॅकोमीटर (इंजिनच्या फेऱ्या दाखवणारं मीटर) नसेल तर लावून घ्या आणि रुतल्यावर काटा कुठे असतो ते दोन-तीन वेळा बघून ठेवा. ते आकडे आणि टायरचा साइज इथं खाली लिहा, मग पुली केवढी घ्यायची ते सांगतो.