जाहिरातीतली चिन्हं अर्थ कसा घडवतात? सोप्या भाषेत सांगा

फ्लेमिंगो घ्या. ठाणे खाडीत येतो तो चिखलात चोच घालून शेवाळ गाळून खाणारा पक्षी. ओहोटीला तिथे वासही चांगलाच येतो. पण नवी मुंबईत बिल्डरच्या होर्डिंगवर टॉवरशेजारी तोच गुलाबी पक्षी आला की चिखल गायब. मग त्याचा अर्थ होतो 'खाडीचा व्ह्यू, मोकळी हवा'. आणि अर्थातच चौरस फुटाचा चढा भाव!

पक्षी दिसणं हा झाला सरळ अर्थ. त्यावर चढलेला दुसरा अर्थ आपल्या सवयीतून, संस्कारांतून येतो. फ्रेंच अभ्यासक रोलाँ बार्थ यांनी १९६४ साली पान्झानी पास्त्याच्या एका जाहिरातीची अशीच चिरफाड केली होती. जाळीच्या पिशवीतून सांडलेले टोमॅटो, मिरची, पास्ता, शिवाय ते लाल-हिरवे रंग. सगळं मिळून 'इटली'. गंमत म्हणजे ही 'इटली' फ्रेंच माणसालाच दिसते, इटालियन माणसाला तो रोजचा बाजार वाटेल.

आपल्याकडचंच बघा ना. नथ आणि हिरव्या बांगड्या दाखवल्या की मसाल्याचं पाकीट लगेच 'घरचं' होतं. जपानी माणसाला त्यात फक्त दागिने दिसतील.