पडद्यामागे आरसा लावावा का?

प्रश्न : जुन्या लॅपटॉपच्या पडद्यामागचा दिवा काढून तिथे चंदेरी फिल्म लावली, तर उन्हात वाचता येईल आणि बॅटरीही जास्त पुरेल, असं मित्र म्हणतो. कॅल्क्युलेटर तसाच चालतो ना? घरी करून पाहू का?

उत्तर : बॅटरीचा हिशेब मित्राचा बरोबर आहे. समजा लॅपटॉप १० वॅट खातो आणि त्यातले ४ पडद्याच्या दिव्याला जातात. ४० वॅट-तासांची बॅटरी मग ४ तासांऐवजी सुमारे ६ तास ४० मिनिटं चालेल. अडचण फिल्मची आहे.

कॅल्क्युलेटर तिरका धरून बघा. आकड्याच्या मागे त्याचीच फिकट सावली दिसते, कारण चंदेरी थर काचेच्या मागे आहे आणि आकडा काचांच्या मध्ये. आकडे मोठे आणि रंग नाहीत, म्हणून तिथे ते खपतं. लॅपटॉपच्या पडद्यात प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक भाग असतात. लाल भागातून आत गेलेला तिरपा किरण मागच्या फिल्मवर आपटून परत येतो तो शेजारच्या हिरव्यातून, आणि तिथेच विझतो. उन्हात वाचता यावेत म्हणून बनवलेल्या पडद्यांत आरसा काचेच्या आत, ठिपक्याला चिकटूनच असतो. तो घरी बसवता येत नाही.

मी स्वतः एका पडद्यावर हे केलंय. भर उन्हात करड्यावर काळी अक्षरं कशीबशी लागायची. सावलीत आलो की सगळा काळोख. फिल्म काढून टाकली, मागे फक्त डिफ्यूजरचा, म्हणजे उजेड सारखा पसरवणारा दुधी कागद ठेवला आणि पडदा खिडकीच्या उजेडासमोर उभा केला, तेव्हा रंगसुद्धा परतले. प्रकाश मागून येऊन एकदाच पार होतो ना! तुम्हीही हेच करा, मला मनापासून आवडलेला प्रयोग आहे.

मात्र आधी बॅटरी काढा. पडद्यात एलईडीची पट्टी असेल तरच पुढे जा. फारच जुन्या लॅपटॉपमध्ये बारीक ट्यूब असते. तिला शेकडो व्होल्ट मिळतात आणि आत पारा असतो, तिच्या वाटेला जाऊ नका. काचेच्या कडेला चिकटलेल्या तपकिरी पट्ट्या अजिबात दुमडू देऊ नका. एक जरी उखडली, तरी पडद्यावर कायमच्या रेघा येतात आणि ती पट्टी घरी जोडता येत नाही.