दंडावरची लाल खूण

‘डॉक्टरांना माझ्या बाळाचा आजार ओळखता आला नाही, मग त्यांच्या लसीवर तरी विश्वास का ठेवू?’ हा प्रश्न घेऊन आईबाबा माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. कुणी चिडून विचारतं, कुणाला विचारतानाच रडू फुटतं. त्यांतल्या एका आईची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

बाळ १४ महिन्यांचं. ताप १०३च्या वर, औषधाने तात्पुरता उतरायचा आणि पुन्हा चढायचा. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, व्हायरल. तिसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, तर थेंब आणि अँटिबायोटिक दिलं. चौथ्या दिवशी अंगावर पुरळ उठलं, तेव्हा ती त्या अँटिबायोटिकची ॲलर्जी ठरली. पाचव्या दिवशी अंग पुसताना आईला दिसलं, की दंडावरची बीसीजीच्या (क्षयरोगाविरुद्धच्या) लसीची जुनी खूण लालबुंद होऊन फुगली आहे. ती घाबरली. दवाखान्यात गेल्या गेल्या तिने विचारलं, ‘‘डॉक्टर, याला लस बाधली का हो?’’

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, ‘‘लसीचा काही संबंध नाही. नेटवरचं वाचत जाऊ नका.’’

दंड त्यांनी पाहिलाच नाही.

आठव्या दिवशी ती बाळाला घेऊन दुसऱ्या रुग्णालयात गेली. तिथल्या डॉक्टरांनी बाळाची बाही वर सारली, ओठ पाहिले, तळपाय दाबून पाहिले आणि विचारलं, ‘‘हे लाल कधीपासून आहे?’’ त्याच दिवशी हृदयाची इको झाली. आजाराचं नाव होतं कावासाकी: लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार.

माझ्याकडे ती आली तेव्हा या सगळ्याला चार महिने झाले होते. बाळ बरं होतं. ती मात्र रात्री तीन-तीनदा उठून त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. ‘‘झालं ना आता नीट, सोड की,’’ असं नवरा म्हणाला की दोघांचं वाजायचं. यापुढे एकही लस द्यायची नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं. घरी सोडताना तिला सांगितलं होतं, ‘‘गोवर आणि कांजिण्यांची लस ११ महिने द्यायची नाही.’’ कारण कुणी सांगितलं नाही. तिने ते स्वतःच लावलं: लसीची जागा सुजली, आता लस नको म्हणतात, म्हणजे लसीनेच झालं आणि हे लपवताहेत. तिच्या हाती जेवढं होतं, तेवढ्यावरून हा निष्कर्ष काढणाऱ्या आईला मी अडाणी म्हणणार नाही.

तिच्या पिशवीत एक वही होती. तारीख, वेळ, ताप, दिलेलं औषध; कुठे घाईत गिरगटलेलं, कुठे पान ओलं होऊन शाई पसरलेली. पहिल्या भेटीत लसीबद्दल मी अक्षरही काढलं नाही. ‘‘ही मला वाचून दाखवता का?’’ एवढंच म्हटलं. पाचव्या दिवसाच्या पानावर ती थांबली. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, ‘‘मॅडम, त्यांनी नुसतं बघितलं असतं तरी...’’

या वाक्यात लस कुठेच नव्हती. ते मी तिला दाखवलं, आणि आमचं खरं काम तिथून सुरू झालं. तिचा राग न ऐकून घेतल्याचा होता आणि तो शंभर टक्के रास्त होता. त्याला जायला कुठे वाटच मिळाली नव्हती, म्हणून तो लसीवर जाऊन बसला होता.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे वैद्यकीय उत्तर मी देणार नव्हते. आम्ही दोघींनी मिळून प्रश्न लिहून काढले आणि आठव्या दिवशीच्या त्या डॉक्टरांची खास वेळ मागून घेतली. तिच्या आग्रहावरून मीही सोबत गेले.

त्यांनी शांतपणे सांगितलं. कावासाकीचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही, पण लसींमुळे त्याचा धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बीसीजीची खूण लाल होणं ही या आजाराचीच एक ओळखीची खूण आहे. शरीरभर दाह उसळतो तेव्हा ती जुनी जागाही पेटते. ‘‘म्हणजे ती खूण तुम्हाला आजाराचं नावच सांगत होती,’’ ते म्हणाले. आणि ११ महिने? उपचारात जी इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिली, ती हजारो रक्तदात्यांकडून मिळालेली, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) असतात. ती अंगात असेपर्यंत गोवर-कांजिण्यांच्या लसीतल्या जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूंना निकामी करतात. लस दिली तरी फुकट जाते, म्हणून थांबायचं. बाकीच्या लसी वेळेवरच.

‘‘हे मला तेव्हाच का नाही सांगितलं?’’ तिने विचारलं. ‘‘चुकलं आमचं,’’ ते म्हणाले. त्या दोन शब्दांनी तिचे खांदे सैल पडलेले मी पाहिले.

आजार निसटतो कसा, हेही त्यांनी सांगितलं. याची एकच अशी खात्रीची तपासणी नाही. लाल डोळे, पण चिपडं नाहीत. फुटलेले ओठ, पुरळ, सुजलेले हातपाय, मानेतली गाठ, हे सगळं एकदम येत नाही. एक दिसतं, दुसरं तोवर ओसरतं. ज्यांचं नाव या आजाराला मिळालं, त्या जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकींनी खुद्द १९६१मध्ये पहिला रुग्ण पाहिला, तेव्हा ‘निदान माहीत नाही’ असंच नोंदवलं होतं. असे ५० रुग्ण जमल्यावर १९६७मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. उपचार न झाल्यास साधारण चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगवटा येतो. पहिल्या दहा दिवसांत उपचार मिळाले तर हे प्रमाण खूप खाली येतं. हिचं बाळ आठव्या दिवशी पोचलं, ते तिनेच डॉक्टर बदलला म्हणून.

अशाच काळजीत असलेल्या पालकांना मी दोन गोष्टी कळकळीने सांगते. ताप पाच दिवस टिकला, तर ‘आज पाचवा दिवस’ हे शब्द दवाखान्यात स्पष्ट उच्चारा आणि आधी येऊन गेलेल्या लक्षणांचे फोटो तारखेसकट दाखवा. आणि ‘यामुळे झालं का?’ असं विचारण्याआधी ‘हे बघा’ म्हणा, बाही वर करा. लसीचं नाव ऐकताच काही डॉक्टर वादाच्या पवित्र्यात जातात आणि तपासणी राहून जाते. हा दोष त्यांचा, पण भोगतं मूल.

पहिल्या डॉक्टरांना तिने पत्र लिहिलं, वहीतल्या तारखांसकट. चार वेळा खोडून लिहिलं. शेवटच्या मसुद्यात लसीचा उल्लेख एकाच ओळीत उरला: ‘मी लसीबद्दल विचारलं, तुम्ही दंड बघायला हवा होता.’ उत्तर दोन ओळींचं आलं, त्यात माफी नव्हती. ती दोन दिवस धुमसली आणि मी तिला शांत व्हायला सांगितलं नाही.

११ महिने संपल्यावर गोवराची लस तिने दिली, आठव्या दिवशीच्या डॉक्टरांकडे. पहिल्या दवाखान्यात ती परत गेली नाही, मीही कधी सुचवलं नाही. रात्री अजून एकदा उठते म्हणाली. एकदाच.